शिनचॅन, स्लॅम डंक आणि फुरुकावाचे मासे : आईसोबतची ॲनिमे वारी

दादा तोक्योत निशी-कासाईला राहतो. तिथं हिंग, कढीपत्ता, तूरडाळ सगळं मिळतं आणि संध्याकाळी बागेत दोन-चार मराठी आज्या बाकावर बसलेल्या असतात, त्यामुळे मागच्या खेपेला आई तिथून फारशी हललीच नव्हती. यावेळी सोबत मी होते आणि माझी यादी तयार होती. बाकी देवळं, टॉवर वगैरे नंतर, आधी ज्या जागा बघून ॲनिमेवाल्यांनी, म्हणजे जपानी ॲनिमेशन सिनेमे-मालिका काढणाऱ्यांनी, सीन काढलेत त्या जागा. जपानमध्ये हे वेड एवढं मोठं आहे की २०१६ मध्ये त्यासाठी ॲनिमे टुरिझम असोसिएशन नावाची संस्था निघाली, ती ८८ ठिकाणांची यादी काढते. आम्ही मूठभरच केली. आईचे गुडघे कुरकुरतात, ती पक्की शाकाहारी आहे आणि ॲनिमे म्हणजे तिच्या लेखी कार्टून, तेव्हा प्लॅन त्या हिशोबाने.

शुक्रवार : योत्सुया, शिंजुकू

सुरुवात अर्थातच 'युअर नेम'च्या जिन्याने. माकोतो शिंकाईच्या या सिनेमाच्या शेवटी नायक-नायिका ज्या लाल कठड्याच्या जिन्यावर एकमेकांना ओलांडून जातात तो जिना योत्सुयात सुगा जिंजा या देवळापाशी आहे. स्टेशनपासून दहा मिनिटं चालत. आजूबाजूला घरं, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, सायकली, आणि मधेच तो जिना. सकाळी साडेनऊला गेलो तरी आधीच पाच-सहा जण होते, पण गंमत म्हणजे कुणी न सांगता रांग लागलेली, एक जोडी वर एक खाली उभी राहणार, वळून बघणार, फोटो, मग पुढची जोडी. आमचा फोटो दोन इंडोनेशियन मुलींनी काढला. आईला पोझ समजावली तर म्हणाली, "मी का वळून बघायचं, तू हाक मार, मग बघीन." मी हाक मारली. फोटोत ती खरंच वैतागून वळलेली आलीये, एक नंबर फोटो.

मधेच एक आजीबाई भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या आणि अख्खी रांग बाजूला झाली. त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या, कुणाकडे बघितलंही नाही. आई म्हणाली हिला रोज हा तमाशा बघायला लागत असेल. खरंय. तिथं हळू बोला, कुणाच्या दारात बसू नका, आणि जिना चढून वर देवळात जाऊन याच, बहुतेक लोक फोटो काढून तसेच पळतात. आईने नाणं टाकलं, दोनदा वाकली, दोन टाळ्या, पुन्हा वाकली, मागच्या खेपेला दादाने शिकवलेलं तिच्या पक्कं लक्षात होतं.

तिथून चालत शिनानोमाचीचा पादचारी पूल, जिथून दोकोमो या मोबाइल कंपनीची ती घड्याळवाली उंच बिल्डिंग दिसते. पाचच मिनिटं थांबलो कारण पाऊस सुरू झाला. आणि पाऊस म्हणजे 'गार्डन ऑफ वर्ड्स', सरळ शिंजुकू ग्योएन ही बाग गाठली. २०१३ च्या त्या सिनेमात पावसाळी सकाळी ज्या लाकडी छपराखाली दोघं भेटतात ती जागा जपानी बागेच्या बाजूला तळ्याकाठी आहे. तिकीट ५०० येन. आत एक म्हातारे गृहस्थ छत्री मिटून पेपर वाचत बसले होते, आम्हाला बघून त्यांनी सरकून जागा दिली आणि आईच्या सँडलकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले. गूगलने सांगितलं, "पाय ओले झाले, थंडी वाजेल." पिशवीतून एक छोटा गरम करायचा पॅच काढून दिला त्यांनी. आईने लगेच राजगिऱ्याची वडी पुढे केली. बाग तशी सगळ्यांनी बघावीच, पण पावसात गेलात तर गर्दी निम्मी.

ग्योएनला जाणार असाल तर : सोमवारी बंद असते. ऑक्टोबर ते मार्चच्या मध्यापर्यंत चारला गेट बंद. आणि सिनेमातल्या बाई तिथं बसून बियर पितात तसं करू नका, बागेत दारूला बंदी आहे.

शनिवार : कासुकाबे

हा दिवस माझ्या बालपणाचा. आमच्या पिढीतल्या पोरांना कासुकाबे पाठ असायला कधी नकाशा लागला नाही, शाळेतून आल्यावर हंगामा चॅनेलवर शिनचॅन लागायचा आणि आई ओरडायची बंद कर तो निर्लज्ज कार्टा. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये शिनचॅनची कॉमिक सुरू केली, ते स्वतः कासुकाबेत राहायचे, आणि पुढे २००४ मध्ये गावाने नोहारा कुटुंबाला चक्क मानाचं रहिवासी करून टाकलं. शिनचॅन, त्याची आई मित्सी, बाबा हॅरी, बहीण हिमावारी, कुत्रा शिरो, सगळे.

दादाही सोबत होता. तोबू लाइनने गेलो. स्टेशनवर शिनचॅनच्या मालिकेतल्या गाण्याची धून वाजली आणि मी आणि दादा तिथंच प्लॅटफॉर्मवर येड्यासारखे हसायला लागलो, आई म्हणे लोक बघतायत. गाव म्हणजे काय, साधं उपनगर. दवाखाने, शिकवण्या, पार्किंग, दुमजली घरं, प्रत्येक घरासमोर एक छोटी गाडी. शिनचॅनचं घर म्हणून दाखवायला काही नाही आणि तेच मला आवडलं, प्रत्येकच घर त्याचं असू शकतं. एका घरातून खरंच एक बाई मुलाच्या नावाने ओरडत बाहेर आली. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ, मित्सीचं काय चुकत होतं सांग मला." वीस वर्षांनी आईने कुणाची तरी बाजू घेतली.

वाईट एवढंच की मित्सी जिथं सेलमध्ये झटापट करते ते दुकान ज्या इतो-योकादोवरून घेतलंय ती इथली शाखा नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. जाताजाता तिथं थोडा वेळ उभे राहिलो, पुढं निघालो.

दुपारचं आकर्षण वेगळं होतं. कासुकाबेच्या पोटात जगातली एक प्रचंड पूरनियंत्रण व्यवस्था आहे. छोट्या नद्यांना पूर आला की जादा पाणी पाच महाकाय विहिरींत पडतं, तिथून जमिनीखाली पन्नास मीटरवरच्या ६.३ किलोमीटर बोगद्यातून एका टाकीत येतं आणि पंपाने एदो नदीत सोडतात. ती टाकी बघायला नेतात. १७७ मीटर लांब, ७८ मीटर रुंद, आणि आत १८ मीटर उंचीचे ५९ खांब. फोटोत देऊळ वाटतं. आत गेल्यावर आधी वास येतो, ओल्या गाळाचा, आणि मग थंडी. खालच्या फरशीवर मागच्या पुरातली चिखलाची पापडी तशीच, बुटाखाली कुरकुरत होती. कुणी खोकलं तरी आवाज फिरत राहतो. गाइडबाई जपानीतच बोलतात, दादा भाषांतर करत होता, आणि या सगळ्याचं काम २००६ मध्ये पूर्ण झालं हे ऐकल्यावर आई म्हणाली, "आमच्या सिंहगड रोडला दोन तास पाऊस पडला की बोटी काढायला लागतात." आमच्यामागे उभ्या जपानी कुटुंबाला दादाने हे भाषांतर करून सांगितलं, ते बिचारे गंभीर होऊन माना हलवायला लागले. दादाचं घर याच एदो नदीच्या मुखाकडच्या सखल भागात आहे, त्यामुळे तो मात्र सगळं फार मन लावून ऐकत होता.

टाकीला जायचं तर ऑनलाइन आधी बुकिंग हवंच. जपानी समजणारं कुणीतरी सोबत लागतं, आणि शंभरच्या वर पायऱ्या उतरून पुन्हा चढायच्या असतात, लिफ्ट नाही. आई दोनदा थांबून चढली. सगळ्यात जवळचं स्टेशन मिनामी-साकुराई, तिथून टॅक्सी करा.

रविवार : कोगानेई

आज निवांत. हायाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे' सिनेमातलं न्हाणीघर कुठलं यावर लोक भांडतात, तैवानमधलं जिउफेन म्हणतात पण मियाझाकींनी ते नाकारलंय. कोगानेईच्या एदो-तोक्यो ओपन एअर म्युझियममध्ये मात्र ते खरंच फिरायचे. जुनी तीसेक घरं-दुकानं उचलून आणून एका बागेत मांडलीत, ४०० येन तिकीट, सोमवारी बंद. १९२९ चं कोदाकारा-यू नावाचं सार्वजनिक न्हाणीघर आहे, भिंतीवर फुजीचं चित्र, आणि बाजूलाच ताकेई सानशोदो नावाचं स्टेशनरीचं दुकान. तिथल्या भिंतीवर छतापर्यंत लाकडी ड्रॉवर, शेकड्याने. सिनेमातल्या न्हाणीघराचा बॉयलर सांभाळणाऱ्या कामाजी आजोबांची बॉयलर रूम यावरून सुचली. आई दारातच थबकली, "अगं हे तर अगदी आपल्या काष्ठौषधीच्या दुकानासारखं." आणि मग तिथल्या स्वयंसेवक आजोबांना हिरडा, बेहडा, आवळकाठी समजावत बसली, मराठीतून. आजोबा 'हाय, हाय' म्हणत राहिले आणि त्यांनी तिला एक ड्रॉवर उघडून दाखवला. आत ब्रश ठेवायचे म्हणे.

जेवणाचं जरा सांगते कारण सगळे विचारतात. आपल्यासारख्यांची अडचण मांसाची कमी आणि दाशीची जास्त, म्हणजे माशाचा अर्क, तो सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीत, कुठंही असतो. आईने सरळ मार्ग काढला होता. कोणत्याही कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, मिठाची साधी ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, मिळते, ती फोडायची, वर मेतकूट आणि पिशवीतलं लिंबाचं लोणचं. बागेत बाकावर बसून आम्ही तेच खाल्लं, दादासकट.

सोमवार : कामाकुरा, एनोदेन

सोमवारी म्युझियमं बंद, म्हणून समुद्र. एनोदेन ही कामाकुरा ते फुजिसावा दहा किलोमीटरची चिमुकली रेल्वे, १९०२ मध्ये सुरू झालेली, घरांच्या मागच्या अंगणांतून आणि मधेच चक्क रस्त्यावरून जाते. ८०० येनचा दिवसाचा पास काढा, कुठंही चढा-उतरा.

आधी आईच्या आग्रहाखातर हासेला उतरून दाइबुत्सु, ११.३ मीटरचा ब्राँझचा बुद्ध. त्याच्या बाजूच्या भिंतीवर गवताच्या दोन अवाढव्य चपला टांगल्यात, तो कधी उठून चालायला लागला तर हाताशी असाव्यात म्हणून. आईला बुद्धापेक्षा चपलाच जास्त आवडल्या.

मग कामाकुराकोको-माए, स्लॅम डंक या बास्केटबॉलवरच्या ॲनिमे मालिकेच्या टायटल साँगमधलं रेल्वे फाटक. मागे समुद्र, पुढून हिरवी-पिवळी गाडी. खरं सांगू, ओव्हररेटेड. फाटक छान आहे, वादच नाही, पण तिथं दीड-दोनशे माणसं रस्त्याच्या कडेला मोबाइल वर करून उभी, मधून गाड्या आणि स्कूटर जातायत, तीन-चार भाषांतले बोर्ड, आणि निळ्या गणवेशातले गार्डकाका दिवसभर हातातली काठी हलवत सगळ्यांना रस्त्यातून मागे ढकलतायत. गाडी चौदा मिनिटांनी एकदा. ती आली की तीन सेकंद, की पुन्हा सगळं शांत, पुन्हा वाट बघा. जवळच शाळा आहे, तिथली मुलं या गर्दीतून खाली मान घालून जात होती.

तरी तिथला एक माणूस लक्षात राहिलाय. तैवानहून आलेले पन्नाशीचे काका, मालिकेतल्या शोहोकू संघाची लाल दहा नंबरची जर्सी, ती पोटावर ताणलेली. एकटेच होते. त्यांनी नेमका आईच्या हातात फोन दिला. आईने आठ-दहा फोटो काढले, अर्ध्यात गाडी नाही, अर्ध्यात काकांचं डोकं नाही. पुढच्या गाडीपर्यंत थांबा म्हणाली खुणेने. चौदा मिनिटं दोघं कठड्याला टेकून उभे, काका मोडक्या इंग्रजीत सांगत होते की कॉलेजात असताना टीव्हीवर बघायचे, तेव्हाचा सगळा बास्केटबॉलचा ग्रुप येणार होता, जमलं नाही कुणाला. दुसऱ्या गाडीला फोटो बरोबर आला. काकांनी आईला वाकून नमस्कार केला आणि ग्रुपवर पाठवायला बसले.

माझं ऐकाल तर तिथं सकाळी आठच्या आत जा नाहीतर एक गाडी बघून पुढं सरका. पुढच्या कोशिगोए स्टेशनला उतरलात की गाडी रस्त्यावरून दुकानांच्या दारांना घासत जाताना दिसते, गर्दी नाही, आणि माझ्यासारखे मासे खाणारे असाल तर शिरासूची छोटी हॉटेलं तिथंच आहेत. भातावर पारदर्शक चिमुकले मासे, आल्याची पेस्ट, सोया सॉस. कच्चा शिरासू त्या दिवशी जाळ्यात आला तरच मिळतो, आणि जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत मासेमारीला बंदी असल्याने मिळतच नाही. मला मिळाला! आई समोर बसून बिस्किटं खात तोंड वाकडं करत होती.

मंगळवार-बुधवार : हिदा-फुरुकावा

ज्यासाठी एवढा घाट घातला ते हे गाव. 'युअर नेम'मधलं नायिकेचं गाव इतोमोरी काल्पनिक आहे पण नायक ताकी ते शोधत ज्या स्टेशनवर उतरतो ते हिदा-फुरुकावा खरं आहे, गिफू प्रांतात, डोंगरात. सिनेमात ते नागोयावरून येतात, आम्ही शिनकानसेन या बुलेट ट्रेनने तोयामा आणि तिथून हिदा एक्सप्रेसने आलो, नदीकाठाने रूळ जातात आणि ऑक्टोबर अखेरीस झाडं लाल-पिवळी. सिनेमात दिसते ती जुनी डिझेल गाडी मार्च २०२३ मध्ये निवृत्त झाली, आता नवी हायब्रिड आहे. आमची गाडी मधेच रानात थांबली, पुढच्या गाडीला हरीण आडवं आलं म्हणून. पाऊण तास. गार्ड डब्यात येऊन माफी मागून गेला. आईने डबा उघडला, शेजारच्या तीन सीटवर बेसनाचे लाडू गेले. एका आजोबांनी अर्धा खाऊन उरलेला रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, बायकोला दाखवायला.

बाय द वे, परदेशी टूरिस्टांसाठीचा तो जपान रेल पास आता आपल्या कामाचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्येच सात दिवसांचा ५०,००० येनवर गेला, एवढ्या प्रवासाला सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. आणि तोयामाकडून फुरुकावाला एक्सप्रेस दिवसाला मोजक्याच, वेळापत्रक बघून मगच शिनकानसेन बुक करा.

सामान टाकून आधी लायब्ररी, ताकी जिथं धूमकेतूच्या दुर्घटनेची पुस्तकं चाळतो ती. काउंटरवर विचारलं की फोटो काढू देतात, वाचणाऱ्यांचे चेहरे नको एवढंच. टेबलं, शेल्फं सगळं जसंच्या तसं, मी शहारलेच. एका टेबलावर शाळेतला एक मुलगा गणितं सोडवत बसला होता आणि मला हवा तो अँगल नेमका त्याच्या मागून. मी घुटमळतेय हे बघून त्याने न बोलता वही उचलली, दुसऱ्या टेबलावर गेला आणि पुन्हा गणितं सुरू. रोजची सवय असावी!

तिथून केता वाकामिया जिंजाच्या पायऱ्या. खाली अस्वलापासून सावध राहा अशी पाटी. आई म्हणाली मी इथंच बसते, अस्वल आलं तर आधी तुला खाईल.

आणि मग सेतोगावा. हे माझ्या यादीत नव्हतंच. गावातून वाहणारा पाण्याचा अरुंद कालवा, एका बाजूला पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारं, आणि पाण्यात कोई मासे, हजारभर, नारिंगी, पांढरे, काळे ठिपकेवाले, काही तर हातभर लांब. डब्यात १०० येन टाकायचे आणि खाद्याचं पाकीट घ्यायचं. थंडीत बर्फ पडायच्या आधी, नोव्हेंबरच्या शेवटी, सगळे मासे पकडून तळ्यात हलवतात आणि एप्रिलमध्ये परत आणतात. आईने पाच पाकिटं संपवली. एका मोठ्या पांढऱ्याला ती "तू नाही, तुझं झालं" म्हणून दटावत होती.

कालव्याकाठी एका घराची दुरुस्ती चालली होती, तिथल्या सुताराने आम्हाला वर बघायला लावलं. छपराखाली पुढे आलेल्या तुळयांच्या टोकाला पांढऱ्या रंगात कोरलेली ढगासारखी नक्षी. प्रत्येक सुताराची आपली वेगळी, सहीच म्हणा. मग संध्याकाळभर आम्ही माना वर करून हे याचं, हे त्याचं असं करत फिरलो, त्या नादात मान आखडली.

राहिलो एका छोट्या घरगुती ठिकाणी. आजी सत्तरीपुढच्या. मासे-मांस-दाशी नको हे दादाने आधी फोनवर सांगितलं होतं, त्यांनी होबा मिसो केला, म्हणजे मॅग्नोलियाच्या वाळक्या पानावर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट), कांद्याची पात आणि मशरूम, खाली छोटी शेगडी. पान कडेने जळत जातं आणि धुरकट वास लागतो, त्याला गरम भात. आईने तीनदा भात घेतला. आजींना मी म्हटलं आम्ही 'किमी नो ना वा' (म्हणजे 'युअर नेम'चं जपानी नाव) साठी आलो. त्या हसल्या आणि सांगायला लागल्या की त्यांच्या आईच्या वेळी याच नावाची एक रेडिओ मालिका होती, १९५२ ची, लागली की बायकांची न्हाणीघरं ओस पडायची. सिनेमा? नाही, बघितला नाही म्हणाल्या. दुकानाचं, पाहुण्यांचं काम असतं. पण तो आल्यापासून पोरं येतात, गोहेई मोची खातात, स्टेशनचा फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने ताकायामाला परत जातात, मासे न बघता. हे सांगताना त्यांचा सूर आईचा मला असतो तसा होता.

गोहेई मोची आम्हीही खाल्ली, दुसऱ्या दिवशी सकाळी. काठीला लावलेला कुटलेला भात, निखाऱ्यावर भाजून गोडसर सॉस. सॉसमध्ये काय आहे ते विचारून घ्या. थंडी पाच डिग्रीच्या आसपास होती, ती गरम काठी हातात धरायलाच बरं वाटत होतं.

एक रात्र तरी इथं राहाच. दिवसाउजेडी गाव दोन तासांत संपतं असं वाटतं, पण संध्याकाळी टूरिस्ट गेले की माणसं बोलायला लागतात. लायब्ररी सोमवारी बंद असते.

बुधवारी रात्री निशी-कासाईला पोचलो आणि जेवताना आई म्हणाली लाव आता तो सिनेमा. लावला. रिमोट तिच्या हातात. "थांब, हा आपला जिना." पॉज. "ही ती बिल्डिंग ना, पाऊस आला तिथली?" पॉज. लायब्ररीत तर पाच मिनिटं पॉज, तो गणितवाला मुलगा कुठल्या टेबलावर होता यावर माझ्याशी वाद. शेवटी फुरुकावाचा भाग संपला तरी ती वाट बघत होती, मग दादाकडे वळून म्हणाली, "आणि मासे? मासे दाखवलेच नाहीत की रे यांनी!" १०६ मिनिटांचा सिनेमा, साडेबाराला संपला.